पांढरं ते सगळं बुरशी नसतं

गणपती उठले की आपल्या दुकानांत एक ठरलेली गर्दी सुरू होते. पितृपक्षात नवं काही घ्यायचं नाही, म्हणून माणसं जुनं बाहेर काढतात. जूनपासून कपाटाच्या तळाशी पडलेले काळे बूट, सासऱ्यांची चामडी बॅग, एकदाच लग्नात घातलेली मोजडी, सगळं कॅरीबॅगेतून आपल्या टेबलावर उपडं होतं. वाक्यही ठरलेलं: "बुरशी आलीय हो, पुसून पॉलिश मारून द्या." आपण मान हलवतो, भाव सांगतो आणि फडकं उचलतो.

या अंकात मला बोलायचंय ते फडकं उचलण्याआधीच्या दोन मिनिटांबद्दल. ती मिनिटं आपल्यातले बहुतेक जण देत नाहीत. मीही बरीच वर्षं देत नव्हतो.

कशी अद्दल घडली ते सांगतो. पुण्यातली जानेवारीतली सकाळ. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ गडद तपकिरी ऑक्सफर्डचा जोड घेऊन आले. चवड्यावर आणि जिभेच्या कडेला पांढरट धुरकट थर. मी लांबूनच निकाल दिला: बुरशी. कापसाला स्पिरिट लावलं, दाबून पुसलं. कापूस तपकिरी झाला. चवड्यावर रुपयाएवढा फिका डाग उमटला. तो रंगवून जागेवर आणायला मला दोन दिवस लागले, आणि त्याचे पैसे अर्थातच घेता आले नाहीत. आठ दिवसांनी गृहस्थ परत हजर, त्याच जोडासह. पांढरा थर जसाच्या तसा. मग मी जे पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं ते विचारलं, "घरी याला काय लावता?" ते अभिमानाने म्हणाले, "दर रविवारी खोबरेल. आमच्या वडिलांपासूनची सवय."

खोबरेल साधारण 24 अंशांच्या खाली थिजतं. स्वयंपाकघरातली बाटली थंडीत पांढरी होते हे आपण रोज पाहतो, पण तेच तेल बुटात मुरलेलं असलं की बुटालाही थंडी वाजते हे मला सुचलं नव्हतं. त्या जोडावर बुरशीचा कणही नव्हता. चामड्याने पोटात न मावलेलं तेल बाहेर टाकलं होतं, एवढंच.

तेव्हापासून टेबलावर आलेल्या प्रत्येक पांढऱ्याकडे मी संशयाने बघतो. नीट बघितलं तर ते वेगवेगळं दिसतंही. बुरशी ठिपक्याठिपक्यांनी उगवते, भिंगाखाली तिचे तंतू दिसतात, आणि बूट नाकाशी नेला की ओल्या गोणपाटासारखा वास येतो. अप्परपेक्षा ती आतल्या कापडी अस्तरात, शिवणीत आणि वेल्टच्या खाचेत जास्त असते, कारण तिथे घाम, धूळ आणि खळ असते. स्निग्धाचा थर सपाट, मेणचट असतो. बोट फिरवलं की पुसट होतो, पण बोट गुळगुळीत होतं. मिठाचा थर कडक आणि खरखरीत असतो. तो बहुधा चामडं भिजून वाळलं तिथे, समुद्राच्या भरतीची रेघ पडावी तसा, एका ओळीत येतो. मीठ घामाचं असतं, मुंबईकरांच्या बाबतीत कधी खाऱ्या पाण्याचं, आणि क्वचित कच्चं कातडं टिकवताना घातलेलं, नीट न धुतलं गेलेलंही.

खात्री करायची साधनं सगळ्यांकडे असतात. हेअर ड्रायर वीतभर लांब धरून आठ-दहा सेकंद कोमट वारा द्या. आपला हात त्या वाऱ्यात सहज धरता आला पाहिजे, त्याहून गरम नको. थर डोळ्यांदेखत विरघळून नाहीसा झाला तर तो स्निग्ध आहे. झाला नाही, तर ओल्या फडक्याचं टोक एका कोपऱ्यावर टेकवा. मीठ पाण्यात जातं. वाऱ्यालाही दाद नाही, पाण्यालाही दाद नाही, तंतू दिसतात आणि वास आहे, तर मग खुशाल बुरशी म्हणा.

कोल्हापुरी विकणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या मंडळींसाठी आणखी एक प्रकार. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्यावर कधीकधी फिकट पिवळसर-पांढरी भुकटी दिसते. ती वरून आलेली नसते. हिरड्याच्या कषायात एलॅजिक आम्ल तयार होतं, ते पाण्यात फारसं विरघळत नाही, आणि चामड्याच्या पृष्ठावर येऊन बसतं. जुने कमावणारे ही भुकटी चांगल्या मालाची खूण मानत. नव्या पायताणावर ती दिसली म्हणून घाऊक व्यापाऱ्याने माल परत पाठवल्याचं मी पाहिलं आहे, आणि कारागिराने मुकाट्याने परत घेतल्याचंही. 2019 साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाने तशीच चप्पल दाखवली तेव्हा तर सगळा महाराष्ट्र कोल्हापुरीचा जाणकार झाला. पण ती भुकटी कोरड्या मऊ ब्रशने झटकायची असते, आणि त्यासाठी चप्पल साबणाने धुवायची नसते, हे सांगणारं अजून कुणी नाही. ते आपलं काम आहे.

(त्या गदारोळात मला आलेल्या फोनांपैकी निम्म्यांचा प्रश्न होता, "अस्सल कशी ओळखायची?" पायातली अस्सल आहे ती जपायची कशी, हे एकानेही विचारलं नाही. असो.)

आता उपाय. बुरशी निघाली तर सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे दुकानात बसून ती ब्रशने झटकणं. तुम्ही ती पुसत नाही, पेरता. जोड बाहेर उघड्यावर न्या, तोंडाला रुमाल बांधा, आणि त्या कामाचा ब्रश वेगळा ठेवा, त्याच्या मुठीला लाल दोरा बांधून ठेवलात तरी पुरे. बुरशीचा ब्रश दुसऱ्या जोडाला लागला की पुढच्या आषाढात ते गिऱ्हाईक तुमच्याच नावाने बोटं मोडणार. झटकून झाल्यावर पाण्यात मिसळलेलं आयसोप्रोपाइल अल्कोहोल फडक्यावर घेऊन हलकेच पुसायचं. फडकं दमट हवं, ओलं नको. त्याआधी जिभेच्या आतल्या बाजूला चाचणी घ्यायची, कारण हेच द्रव्य फिनिशही उतरवतं. मी तपकिरी ऑक्सफर्डवर जे केलं ते तुम्ही करू नका. अस्तरालाही तेच. नुसतं अप्पर चकचकीत करून अस्तर सोडलं तर पंधरा दिवसांत बुरशी पुन्हा वर येते. आणि बुरशीने चामड्याचा रंग खाल्ला असेल तर तो डाग जाणार नाही, हे आधीच सांगून मोकळं व्हा.

स्निग्ध थराला कोमट वारा देत देत कोरड्या सुती फडक्याने तेल टिपून घ्यायचं. दोन-तीन वेळा, मधे दिवसाची विश्रांती देऊन. वरून क्रीम नाही. मिठाला स्वच्छ पाण्यात चमचाभर पांढरा व्हिनेगर, आणि फडकं फक्त रेघेवर न फिरवता शिवणीपासून शिवणीपर्यंत पूर्ण भागावर, नाहीतर रेघ जाऊन पाण्याचं वर्तुळ उरतं. मग सावलीत, वाऱ्याला. आत साधा कागद कोंबा. वर्तमानपत्र फिक्या अस्तराला शाई लावतं. उन्हात, गॅसपाशी किंवा इस्त्रीवाल्याच्या टेबलावर वाळवू नका. ओलं चामडं उष्णतेला फार हळवं असतं. वनस्पतीने कमावलेलं 70 ते 85 अंशांच्या दरम्यान आकसतं, क्रोमचं साधारण शंभरापर्यंत तग धरतं. एकदा आकसलं की कोणताही साचा त्याला परत ताणू शकत नाही.

आणि धुण्याचा साबण. हे मी दरवर्षी लिहितो, यंदाही लिहितो. कमावलेलं चामडं आम्लधर्मी असतं, त्याचा पीएच साधारण साडेतीन ते पाचच्या आसपास. कपड्यांची वडी नऊ-दहाच्या घरात. खाण्याचा सोडाही त्याच वाटेवरचा. वनस्पतीने कमावलेल्या चामड्यावर तो साबण घासलात की ते काळवंडतं, कडक होतं. गिऱ्हाईक म्हणतं "स्वच्छ झालं", आणि महिन्याने घडीवर भेग पडते.

पण माझं खरं भांडण तेलाशी आहे. आपल्या भाषेतच "चामड्याला तेल पाजणं" असा शब्दप्रयोग आहे, आणि त्याने आपलं बरंच नुकसान केलं आहे. चामडं जिवंत नाही, त्याला भूक-तहान नाही. टॅनरीत ड्रममध्ये फिरवताना तेल पाण्यात कालवून तंतूंच्या मधोमध बसवलेलं असतं, आणि तंतू एकमेकांवरून सरकतात ते त्यामुळे. तेवढं तेल वर्षानुवर्षं पुरतं. रोजच्या पायातल्या बुटाला, ओलं-सुकं सतत होत असतं म्हणून, वर्षातून तीन-चारदा थोडं क्रीम लागतं. कपाटातल्या बॅगेला बहुधा लागतच नाही. संग्रहालयांतले संरक्षक एकेकाळी चामडी बांधणीच्या पुस्तकांना नेमाने लॅनोलिन, देवदारवर्गीय तेल आणि मधमाशीच्या मेणाचं मिश्रण चोळत. ब्रिटिश म्युझियमच्या नावाने ते मिश्रण जगभर गेलं. पुढे त्यांच्याच लक्षात आलं की त्याने धूळ चिकटते, चामडं काळवंडतं, आणि स्निग्ध पदार्थ पांढरा होऊन परत वर येतो. आज बहुतेक जण ते सरसकट लावत नाहीत. शे-दोनशे वर्षांच्या पुस्तकाला जे जास्त होतं ते आपण तीन वर्षांच्या लोफरला दर महिन्याला का लावतो?

त्यातही तेलातेलांत फरक आहे. खोबरेल थिजतं. जवस आणि करडईचं तेल हवेत वाळून चिकट, मग टणक पापुद्रा धरतं. रंगवाले त्याचाच उपयोग करतात. कोल्हापुरीचा चावरा पट्टा मऊ करायला करडईचं तेल लावा असं सांगणारे आपल्या धंद्यात आहेत. आठवडाभर पट्टा मऊ वाटतो खरा. पुढचं गिऱ्हाईकाला कळतं.

पॉलिशचंही तेच. डबीतलं पॉलिश म्हणजे मेण, द्रावक आणि रंग. चकाकी येते, पाण्याला थोडा अडसर होतो, ओरखडा झाकला जातो. त्याने काही मुरत नाही. आणि बुरशीवर पॉलिश चढवणं म्हणजे ओल्या भिंतीला ऑइल पेंट देणं.

इथे मला मुंबईच्या फलाटांवरच्या मित्रांचा राग ऐकू येतोय. "साहेब, तीन मिनिटांत लोकल येते. भिंग कुठे, हेअर ड्रायर कुठे?" मान्य. त्यांना मी एकच गोष्ट मागतो: पांढरा थर दिसला तर त्यावर मेण चढवू नका. कोरडं फडकं मारा, "हे आधी घरी वाळवा, मग या" असं सांगा, आणि वीस रुपये सोडा. एवढ्याने तो माणूस परत तुमच्याच पेटीवर पाय ठेवेल, ही माझी अटकळ आहे, हमी नाही.

दुकानवाल्यांना मात्र ही सवलत नाही. माल घेताना दिलेल्या चिठ्ठीवर आपण नाव, फोन आणि भाव लिहितो. त्यात दोन ओळी वाढवा. घरी काय लावलं होतं, आणि कुठे ठेवलं होतं. माझ्या अनुभवात निम्मं निदान या दोन ओळींतच होतं. तिसरी ओळ स्वतःच्या बचावासाठी: तळ कशाचा आहे. पॉलियुरेथेनचा तळ दमट हवेत आतून कुजतो, वापरला नाही तर जास्तच, कारण पाणी त्याची साखळी हळूहळू तोडतं. कपाटात चार पावसाळे काढलेला असा बूट तुम्ही हातात घेऊन नुसता ब्रश मारला तरी टाच चुऱ्यासारखी गळून पडते. "तुमच्याकडे दिला तेव्हा चांगला होता" हे वाक्य मग ऐकावंच लागतं. घेतानाच अंगठ्याने तळ दाबून पाहा, भुसभुशीत लागला तर गिऱ्हाईकासमोर दाखवा आणि लिहा.

बघण्याचे पैसे घ्यावेत का, यावर आमच्या संपादक मंडळात दोन तट आहेत. माझं मत, घ्यावेत. डॉक्टर औषध दिलं नाही तरी तपासणीचे घेतो. माझे सहकारी म्हणतात, आपल्याकडे गिऱ्हाईक बूट तसाच पिशवीत घालून शेजारच्या दुकानात जाईल. त्यांचंही खोटं नाही. पण मी गेले दोन हंगाम पन्नास रुपये घेतोय आणि काम दिलं तर ते बिलातून वळते करतोय. निघून गेलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

परत देताना प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देऊ नका. जुन्या सुती चादरीच्या पिशव्या शिवून घ्या, किंवा गिऱ्हाईकाला जुनी उशीची खोळ वापरायला सांगा. हवा कोंडली आणि दमटपणा सत्तर टक्क्यांच्या पुढे गेला की बुरशीला आणखी काही लागत नाही. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट असेल तर वीतभर पुढे ओढा, हेही सांगा.

आणि हे सगळं सांगण्याआधी आपल्याच दुकानातल्या वरच्या फळीकडे एकदा बघा. नेऊ म्हणून सांगितलेले आणि न नेलेले जोड तिथेच असतात, पिशवीची गाठही न सोडलेले. कालच मी शिडी लावून चढलो. अकरा जोड निघाले. त्यातला एक लॉकडाऊनच्या आधीचा, चिठ्ठीवरचा नंबर आता लागत नाही. नऊंवर पांढरं होतं. खाली वाऱ्याला ठेवलेत, एकेक करून बघतोय. आत्तापर्यंत पाच खरे निघालेत.