चष्म्याचा नंबर वाढला की कमी झाला?

मैत्रिणींनो, सहावी-सातवीच्या गणितात ऋण संख्या आल्या की घराघरांत एक प्रश्न हमखास निघतो. −८ मोठी की −३? पोर म्हणतं, आठ मोठी. आई भाकरी थापता थापता म्हणते, "हो रे, आठच मोठी." वही शाळेत जाते आणि लाल फुली घेऊन परत येते. मग आई म्हणते, "मला मेलं गणित कधी आलंच नाही!" आणि त्या वहीपासून कायमची दूर होते. मला ती फुली फारशी खुपत नाही, हे वाक्य खुपतं. मुली ऐकत असतात हो! आईला येत नाही, म्हणजे आपल्यालाही यायचं नाही, असं त्या परस्पर ठरवून टाकतात.

तेव्हा आज खडू घ्या आणि फरशीवरच बसा. सारख्या मापाच्या फरश्यांची एक सरळ ओळ निवडा. मधल्या फरशीवर ० लिहा. उजवीकडे १, २, ३ असं लिहीत जा, डावीकडे −१, −२, −३. फरशी नसेल तर रांगोळीचे ठिपके काढा, पण अंतर सारखं हवं, ते तुम्हाला मी काय सांगणार! झाली संख्यारेषा तयार. एक मात्र सांभाळा, मुलाच्या शेजारी बसा, समोर नको. समोर बसलात की तुमची उजवी बाजू ही त्याची डावी होते आणि सगळाच घोळ.

आता त्याला −८ वर उभं करा आणि −३ वर जायला सांगा. कोणत्या हाताला गेला? उजव्या. रेषेवर जी संख्या उजवीकडे, ती मोठी. म्हणून −३ मोठी. नियम एवढाच. शून्य सगळ्या ऋण संख्यांच्या उजवीकडे, म्हणून ते त्या सगळ्यांहून मोठं. आणि साधा १ हासुद्धा −१०० पेक्षा मोठा!

चालून दाखवायची ही युक्ती जुनीच आहे बरं का. जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने १६८५ च्या आपल्या ग्रंथात पाच यार्ड पुढे आणि आठ यार्ड मागे गेलेल्या माणसाचं उदाहरण दिलं. तो निघाल्या जागेच्या तीन यार्ड मागे, म्हणजे −३ वर पोचला. आपल्याकडे तर ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्येच 'धन' आणि 'ऋण' हे शब्द वापरून नियम सांगितले होते. ऋण म्हणजे कर्जच की! वाण्याची ८०० ची उधारी असलेली बाई आणि ३०० ची असलेली बाई, यांत बरी स्थिती कोणाची, हे कुणी शिकवावं लागत नाही.

फ्रीजरचंही तेच. गोठवलेल्या पदार्थांना −१८ अंश लागतात. आकडा −१० झाला, तर तापमान वाढलं, मटार जपा.

खरी गंमत चष्म्यात आहे. लांबचं न दिसणाऱ्या मुलीचा नंबर −२ वरून −३ झाला, की आपण म्हणतो "नंबर वाढला". संख्यारेषेवर पाहा, ती डावीकडे सरकली, म्हणजे संख्या कमी झाली! मग चुकलं कोण? कुणीच नाही. आपण शून्यापासूनचं अंतर बोलतो. ते दोनाचं तीन झालं, भिंग जास्त ताकदीचं झालं, म्हणून "वाढला". वहीत मात्र विचारतात ते रेषेवरची जागा. मुलांची गल्लत नेमकी इथे होते. त्यांना नुसतं "चूक" म्हणू नका. "तू अंतर सांगतोयस, मी जागा विचारतेय," एवढं म्हणून बघा. आणि तुमच्या चाळिशीच्या चष्म्याचा +१.५ शून्याच्या उजवीकडे, दीड फरशीवर दाखवा. आपला नंबर मोठा म्हणून चिडवून घ्यावं लागेल, तेवढं सोसा.

फरशी पुसण्याआधी आणखी एक. चष्म्याचे नंबर पाव-पावने बदलतात. एका डोळ्याचा −२.२५, दुसऱ्याचा −२.७५. मोठी संख्या कोणती? मुलीलाच उभी करा. दोन्ही जागा −२ आणि −३ च्या मध्ये आहेत, आणि −२.७५ ही −३ च्या जवळ. म्हणजे ती अधिक डावीकडे, म्हणून −२.२५ मोठी.