पुस्तकाविना शिकलेली अध्यापिका

घरांतील एखादी मुलगी ऐकलेली चाल पेटीवर बिनचूक वाजवूं लागली, म्हणजे वडील मंडळींत लागलीच खल सुरू होतो : हिला शिक्षक ठेवावा, कीं एकदम परीक्षेसच बसवावी? अमेरिकेंतील एका मातेनें या प्रश्नास दिलेलें उत्तर आमच्या वाचकांस चमत्कारिक वाटेल.

मेरी लू विल्यम्स यांचा जन्म १९१० सालीं अटलांटा शहरीं एका कृष्णवर्णीय कुटुंबांत झाला. आई मुलीला मांडीवर घेऊन पायपेटी वाजवीत असे. एके दिवशीं त्या चिमुकल्या बोटांनीं आईचेच स्वर पुन्हां काढले! आई चकित झाली; पण शिक्षक ठेवण्याचें तिनें साफ नाकारलें. ती स्वतः रीतसर शिकली होती, आणि त्यापायीं कागद पुढें असल्यावांचून आपल्या मनचें कांहीं वाजविणें तिला अशक्य झालें होतें. म्हणून चांगल्या वादकांस घरीं बोलावून त्यांचें वादन तिनें मुलीस ऐकविलें. ऐन वेळीं सुचेल तें वाजविणें हाच जाझ संगीताचा प्राण. ख्यालगायन ऐकणाऱ्या आमच्या वाचकांस हें अधिक सांगावयास नको.

पुढें अँडी कर्क यांच्या वाद्यवृंदांत पियानो वाजवीत असतां बाईंवर रचना करण्याची वेळ आली, तेव्हां या शिक्षणाची उणीव उघडी पडली. डोक्यांत साऱ्या वाद्यांचा मेळ, पण कागदावर एक स्वर उतरेना! बाईंनीं सांगावें आणि कर्क यांनीं लिहून घ्यावें, असें कांहीं काळ चाललें. अखेर बाई स्वरलिपी शिकल्या. आमच्या मतें त्या माउलीचें अर्धेंच खरें होतें. पण तें अर्धें आधीं आलें, हें फार बरें झालें.

मग लेखणी थांबली नाहीं. बेनी गुडमनसारख्या नामांकितांसाठीं त्यांनीं रचना केल्या. १९४५ सालीं बारा राशींवर बारा भागांची एक रचना केली. (पत्रिका पाहणाऱ्या आमच्या मंडळींस ही कल्पना खास आवडेल!) हार्लेममधील त्यांचें बिऱ्हाड म्हणजे थेलोनियस मंक, डिझी गिलेस्पी अशा तरुणांची रात्रीची शाळाच होती. १९५४ सालीं पॅरिस येथें बाई एकाएकीं रंगमंचावरून उठून गेल्या. सुमारें तीन वर्षें वादन सोडून त्यांनीं प्रार्थनेंत व गरजू वादकांच्या सेवेंत घालविलीं. १९५७ सालीं त्या परतल्या, आणि नंतर धर्मोपासनेसाठींही त्यांनीं जाझ लिहिलें.

१९७७ सालीं ड्यूक विद्यापीठानें त्यांस अध्यापनासाठीं बोलाविलें. विद्यार्थिनी म्हणून कॉलेजाचा उंबरठा न ओलांडलेल्या या बाई वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं अध्यापिका झाल्या! जाझचा इतिहास सांगतांना प्रत्येक काळाची शैली त्या स्वतः पियानोवर वाजवून दाखवीत. त्या इतिहासाचा एक वृक्षही त्यांनीं चित्रकाराकडून काढवून घेतला होता. बुंध्यावर व फांद्यांवर निरनिराळ्या शैली. मुळाशीं मात्र एकच शब्द, दुःख. हें अध्यापन १९८१ च्या मे महिन्यांत त्यांच्या मृत्यूनेंच थांबविलें.