आईचा आजार मुलीलाही होतो का?

आईला किंवा मावशीला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झाला, की घरातल्या मुलीच्या मनात भीती घर करते. तिचे लग्न ठरवताना ही गोष्ट लपवणारेही असतात. पोलाद कारखान्यातील नोकरीमुळे भिलाईच्या मरोदा भागात स्थायिक झालेले मराठी कुटुंब असो की बार्शीकडचे शेतकरी घर, शंका एकच असते : हा रोग रक्तातूनच येतो का?

या रोगाचे मुख्य कारण आहे एचपीव्ही हा विषाणू. हे दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउसेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. शरीरसंबंधातून पसरणारा हा विषाणू बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. ज्या थोड्या जणींच्या शरीरात तो ठाण मांडून बसतो, त्यांना पुढे अनेक वर्षांनी कर्करोगाचा धोका असतो.

आनुवंशिकतेचा संबंध येतो तो इथेच. सहाव्या गुणसूत्रावर एचएलए नावाची जनुके असतात. त्यांच्यापासून बनणारी प्रथिने विषाणूचे तुकडे शरीराच्या संरक्षक पेशींना दाखवतात. ही जनुके प्रत्येकीची थोडी वेगळी असल्यामुळे कुणाचे शरीर विषाणूला लवकर ओळखते, कुणाचे उशिरा. स्वीडनमध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्ण स्त्रियांच्या आई व सख्ख्या बहिणींना हा धोका सुमारे दुप्पट आढळला. परंतु दुप्पट म्हणजे अटळ नव्हे. शिवाय आईला हा रोग झाला नाही म्हणून मुलगी सुरक्षित, असेही नाही.

जनुके बदलता येत नाहीत, तपासणी मात्र करता येते. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या मदतीने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीमुळे या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, असे २००९ साली जाहीर झाले.

म्हणून तिशीनंतर प्रत्येक स्त्रीने डॉक्टरांच्या सल्ल्याने ही तपासणी करून घ्यावी. घरात कुणाला हा रोग झाला असेल, तर डॉक्टरांना ते अवश्य सांगावे. संबंधानंतर किंवा पाळी बंद झाल्यावर रक्तस्राव झाला, तर संकोच न करता दाखवावे. मुलींना ९ ते १४ या वयात लस द्यावी. पण लस घेतली म्हणून पुढे तपासणी टाळू नये. आईचा आजार लपवण्यापेक्षा मुलीला त्याची नीट माहिती देणे तिच्या हिताचे आहे.