चेहरा एक, स्वभाव दोन

वैशाखाच्या उन्हात मुक्ताईनगरच्या बाजारपेठेत दुपारी गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर दोन ऋतू एकाच वेळी नांदत असतात. कपाळ, नाक आणि हनुवटी तेलाने चकाकतात. गाल मात्र ओढल्यासारखे कोरडे राहतात आणि हसताना ताणले जातात. गावाला लागून जाणाऱ्या सुरत-नागपूर महामार्गाची धूळ या तेलावर बसते. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झेपावला की घामाची भर पडते. मग दिवसातून चार-पाच वेळा साबणाने तोंड धुण्याची सवय लागते आणि तक्रार उलट वाढते. कपाळाचे तेल तसेच राहते आणि गालांवर पांढुरके पापुद्रे दिसू लागतात.

अशा त्वचेला मिश्र त्वचा म्हणतात. हा आजार नव्हे. कपाळाचा आडवा पट्टा आणि नाकावरून हनुवटीपर्यंत उतरणारा उभा पट्टा येथे तैलग्रंथी अधिक असतात, गालांवर त्या मानाने कमी. ही शरीराची मूळ रचनाच आहे. ज्यांच्या बाबतीत हा फरक ठळक असतो त्यांची त्वचा मिश्र. ओळखण्याची रीतही साधी आहे. सकाळी नुसत्या पाण्याने चेहरा धुवावा, काहीही न लावता तासभर थांबावे आणि पातळ कागदी रुमाल प्रथम नाकाकपाळावर, नंतर गालांवर दाबावा. पहिल्या ठिकाणी तेलाचा डाग उमटला आणि दुसरीकडे कागद कोरडा राहिला, की उत्तर मिळाले.

बाजार या उत्तराचा फायदा घेतो. तेलकट भागासाठी एक फेसवॉश, कोरड्या भागासाठी दुसरा, त्यावर टोनर, त्यावर स्क्रब. स्नानघरातील फळी भरते आणि परिग्रहपरिमाणाचे व्रत घेतलेल्या घरातही ती कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही. वास्तविक मिश्र त्वचेला दोन बाटल्यांची गरज नसते. एक सौम्य फेसवॉश पुरतो. दोन भागांतील भेद हाताने सांभाळायचा असतो आणि त्याहूनही अधिक पाण्याने.

पाण्याचा मुद्दा येथे मुद्दाम आधी घ्यावा लागतो, कारण फेसवॉशची चर्चा करताना तोच बहुधा सुटतो. खानदेशात बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. शालेय पुस्तकांत त्याला दुष्फेन म्हणतात. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबण या क्षारांशी संयोग पावला की न विरघळणारा चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला जे पांढरे कडे दिसते तेच चेहऱ्यावरही बसते, फक्त दिसत नाही. त्यात भर अशी की निरोगी त्वचेचा सामू साधारण साडेचार ते साडेपाच, म्हणजे किंचित आम्ल असतो, तर साबणाचा नऊ ते दहा. साबण जितक्या वेळा लागेल तितक्या वेळा त्वचेचे हे आम्ल कवच विस्कटते आणि त्याची किंमत प्रथम गाल मोजतात.

म्हणून पहिली निवड अशी की चेहऱ्यासाठी साबणाची वडी नको, साबणविरहित फेसवॉश हवा. त्यातील शुद्धिद्रव्ये जड पाण्यातही साका धरीत नाहीत आणि त्यांचा सामू त्वचेच्या जवळ ठेवता येतो. वेष्टनावर घटकांची यादी असते. जे अधिक प्रमाणात आहे ते आधी लिहिलेले असते. पाण्यानंतर लगेच सोडियम लॉरिल सल्फेट हे नाव आले तर तो फेसवॉश मिश्र त्वचेसाठी कडक समजावा. कोकामिडोप्रोपिल बिटेन, डेसिल ग्लुकोसाइड, कोको ग्लुकोसाइड, सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट ही नावे जिभेला जड असली तरी त्वचेला हलकी आहेत, आणि ती बहुधा नारळाच्या किंवा अन्य वनस्पती तेलांपासून बनतात. नाकावर काळे ठिपके फार असतील तर अर्धा ते दोन टक्के सॅलिसिलिक आम्ल असलेला फेसवॉश उपयोगी पडतो; गर्भवती स्त्रीने मात्र तो डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये. फेस अधिक म्हणजे स्वच्छता अधिक, हा केवळ जाहिरातींनी रुजवलेला समज आहे.

येथवरचा विचार कोणत्याही घरासाठी सारखाच. जैन घरात त्यापुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो, आणि तो दुकानात सहसा कोणी विचारीत नाही: हे कशापासून झाले?

१९८३ साली वनस्पती तुपात चरबीची भेसळ उघडकीस आली तेव्हा देशभर खळबळ माजली होती. ज्येष्ठांना ते दिवस आठवत असतील. त्या घटनेनंतर ताटातील प्रत्येक पदार्थाची चौकशी करणाऱ्या घरांतून साबणाच्या वडीची चौकशी क्वचितच झाली. साबणाच्या वेष्टनावरचा सोडियम टॅलोएट हा शब्द म्हणजे जनावराची चरबी. सोडियम पामेट म्हणजे पामतेल आणि सोडियम कोकोएट म्हणजे खोबरेल. चरबीवाचून साबण होत नाही असे मात्र मुळीच नाही. आर्देशीर गोदरेज यांनी १९१८ सालीच मुंबईत वनस्पती तेलापासून ‘चावी’ नावाचा साबण काढला होता.

फेसवॉशमध्ये चरबी अशी उघड नावाने येत नाही. ग्लिसरीन आणि स्टिअरिक आम्ल वनस्पतीचेही असते आणि जनावराचेही. घटकांच्या यादीत दोन्हींचे नाव एकच. फेसवॉशला मोत्यासारखी झळाळी देणारे ग्लायकॉल डायस्टिअरेटही याच स्टिअरिक आम्लापासून होते. कोलॅजेन गुरांच्या कातड्यातून किंवा माशांपासून मिळते, केराटिन लोकर-पिसे-खुरांतून, लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतून. स्क्वॅलीन पूर्वी शार्कच्या यकृतातून काढीत. आता ऑलिव्ह आणि उसापासूनही मिळते. गुलाबी-तांबड्या छटेच्या प्रसाधनात सी.आय. ७५४७० हा क्रमांक दिसला तर तो कार्माइनचा, म्हणजे किडे वाळवून काढलेल्या रंगाचा. रेशमाचे वस्त्र पूजेतही न वापरणाऱ्या श्राविकेने ‘सिल्क प्रोटीन’ चेहऱ्याला लावावे, यातील विसंगती वेष्टन वाचल्यावाचून कशी कळणार?

‘सिटिल अल्कोहोल’ या नावाने मात्र दचकू नये. ते मद्य नव्हे. मेणासारखा तो एक स्निग्ध पदार्थ आहे. एकेकाळी देवमाशाच्या तेलातून तो काढीत आणि त्याचे नावही तेथूनच पडले, पण आता तो बहुधा पामतेलातून येतो. नुसते ‘अल्कोहोल’ किंवा ‘अल्कोहोल डिनॅट’ असे लिहिलेले असेल तर ते निराळे, आणि कोरड्या गालांना ते तसेही सोसत नाही.

हिरव्या ठिपक्यावर अनेकांचा पूर्ण भरवसा असतो. तो थोडा तपासून घ्यावा. अन्नपदार्थांवरील ठिपक्याच्या नियमात मांसाहारी पदार्थाची जी व्याख्या आहे, तिच्यातून दूध आणि दुग्धपदार्थांबरोबरच मध, मधमाशीचे मेण आणि लाख यांनाही वगळले आहे. म्हणजे मध असलेला पदार्थही हिरवा ठिपका मिरवू शकतो. ज्या परंपरेत मध हा महाविगईंपैकी एक मानून वर्ज्य केला आहे, तिच्यासाठी ठिपका अर्धेच उत्तर देतो. तेव्हा फेसवॉशच्या डबीवर तो दिसला तरी मध नसेलच असे धरून चालू नये. ‘व्हीगन’ चिन्हात मध आणि मेण बसत नाही, दूधही बसत नाही. सशाचे चिन्ह प्राण्यांवर चाचणी झाली नाही एवढेच सांगते, घटकांविषयी ते मौन पाळते. भारतात प्रसाधनांच्या अशा चाचण्यांवर २०१४ पासून बंदी आहे आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून चाचणी केलेल्या प्रसाधनांची आयातही बंद आहे. देशी मालावरचे सशाचे चित्र पाहून हरखून जावे असे त्यात फारसे काही उरत नाही.

कोरफडीचा प्रश्न नाजूक आहे. मिश्र त्वचेला ती मानवते आणि निम्म्या फेसवॉशमध्ये ती असते. पण कुंवारपाठ्याची गणना परंपरेने बत्तीस अनंतकायांत होते. हा त्याग आहाराचा की लेपाचाही, हे ज्याने-त्याने आपल्या पच्चक्खाणाप्रमाणे गुरुभगवंतांना विचारून ठरवावे. स्तंभातून त्याचा निवाडा होऊ शकत नाही.

घरगुती उपाय शुद्ध असतात असे म्हणणारी वडीलधारी मंडळी डाळीचे पीठ आणि दही पुढे करतात. कडधान्य आणि कच्चे दही एकत्र आले की द्विदळ होते, हे स्वयंपाकघरात ज्या आजी नातसुनेला शिकवतात, त्यांच्याच हातून ही वाटी तयार होते! लेप म्हणजे भोजन नव्हे हे खरे, परंतु वाटीत उरलेले ते मिश्रण तासन् तास उघडे राहते. पीठच लावायचे तर पाण्यात कालवून, लागेल तेवढेच, आणि फक्त कपाळ-नाकावर लावावे. गालांना ते कोरडे पाडते. मुलतानी मातीचेही तसेच. लिंबू मात्र चेहऱ्यापासून दूरच ठेवावे. त्याचे आम्ल फार तीव्र असते आणि लिंबाचा रस लावून खानदेशातील उन्हात बाहेर पडणे म्हणजे डाग ओढवून घेणे.

आता पाण्याकडे पुन्हा वळता येईल, कारण जैन घरात एक सोय आधीपासूनच आहे. पिण्याचे पाणी गाळून उकळण्याची रीत असलेल्या घरात पातेल्याच्या तळाशी पांढरा थर साचतो. तो पाण्यातील जडपणाचाच एक भाग असतो; उकळल्याने बायकार्बोनेटचे क्षार खाली बसतात आणि वरचे पाणी मऊ होते. सगळा जडपणा जात नाही, पण जो जातो तो चेहऱ्याला जाणवतो. उकळलेल्या पाण्याची मर्यादा पावसाळ्यात तीन, हिवाळ्यात चार आणि उन्हाळ्यात पाच प्रहरांची. ती संपण्यापूर्वी उरलेल्या पाण्यातून एक तांब्या चेहऱ्यासाठी काढून ठेवला तर पाणी सत्कारणी लागते. नळाखाली चेहरा धरून अप्कायाची जी विराधना होते, तीही टळते.

धुण्याची रीत अशी ठेवावी. सकाळी आणि रात्री, दोनच वेळा फेसवॉश. दुपारी घाम आला तर नुसते पाणी. पाणी कोमट असावे, कढत नव्हे. मुगाच्या दोन-चार दाण्यांएवढा फेसवॉश तळहातावर घेऊन आधी कपाळ, नाक, हनुवटी यांवर अर्धा मिनिट हलक्या बोटांनी फिरवावा. उरलेला फेस गालांवरून केवळ शेवटचे काही क्षण उतरवावा आणि लगेच धुवावे. दोन बाटल्यांचे काम ते हेच. पंचाने चेहरा घासू नये, टिपावा. आणि ओलसरपणा असतानाच गालांवर साधे मॉइश्चरायझर लावावे, नाकाला त्याची गरज नसते. नवा फेसवॉश आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस पाहावे. शक्य असेल तर लहान नग घ्यावा. व्यापारी घराला नमुना पाहून माल उचलण्याची रीत कोणी शिकवायला नको. धुतल्यावर चेहरा ताणला जात असेल तर तो फेसवॉश कितीही महागाचा असो, आपला नव्हे. आग, सूज किंवा पूयुक्त पुरळ असेल तर फेसवॉश बदलत बसण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. मेडिकलमधून कोणाच्या सांगण्यावरून आणलेली स्टेरॉइडची मलमे तर चेहऱ्याला लावूच नयेत.

राहता राहिला गल्ल्याच्या दुसऱ्या बाजूचा प्रश्न. खानदेशातील कितीतरी जनरल स्टोअर्स आणि मेडिकल दुकाने जैन कुटुंबांची आहेत. ‘भाऊ, यात काही नाही ना?’ असे एखादी श्राविका विचारते आणि ‘बिनधास्त घ्या, प्युअर व्हेज आहे’ असे उत्तर मिळते. वेष्टन मात्र दोघांपैकी कोणीच वाचलेले नसते. ग्राहकाने घरी वाचले नाही तर दोष एका घराचा. दुकानदाराने न वाचता दिलेला शब्द दिवसभरात कित्येक घरांत जातो. वेष्टनावर कंपनीचा ग्राहकसेवेचा क्रमांक आणि ईमेल छापलेला असतो. तेथे तीन ओळींत विचारावे: ग्लिसरीन व स्टिअरिक आम्ल कशाचे, मध किंवा मेण आहे काय, रंग कोणता. उत्तर लेखी मागावे, त्यावर तारीख घालावी, आणि ज्या कंपन्यांचे उत्तर आले त्यांची यादी गल्ल्यामागे चिकटवून ठेवावी. कंपनी कच्चा माल बदलू शकते, म्हणून दिवाळीच्या चोपडापूजनाच्या सुमारास ती यादी दर वर्षी नव्याने तपासून घ्यावी.