नदीचे मूळ आणि नत्राचे कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपले वाडवडील सांगून गेले. ऋषींचे राहू द्या. पण नदीच्या बाबतीत हा संकोच आता परवडण्यासारखा नाही.

चंद्रपूरचेच पाहा ना. इरई आणि झरपट या दोन नद्यांच्या कुशीत गोंड राजांनी हे नगर वसविले. चैत्रात महाकालीच्या यात्रेला आलेले भाविक झरपटीत स्नान करतात. त्याच झरपटीत शहराचे सांडपाणी उतरते आणि त्यावर जलपर्णी माजते. युरिया टाकल्यावर धान तरारते ना, तसाच हा प्रकार. सांडपाण्यातल्या नत्रावर आणि स्फुरदावर ही जलपर्णी पोसते.

या नत्राला मात्र स्वतःचे कूळ लपविता येत नाही. ताज्या मैल्यातला नत्र मुख्यतः अमोनियाच्या रूपात असतो. पुढे जिवाणू त्याचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पाण्यात नेसलरचे द्रावण घातल्यावर पिवळा-तपकिरी रंग चढला, की अमोनिया आहे असे समजावे; म्हणजे घाण बहुधा जवळची आणि ताजी. अमोनिया थोडा आणि नायट्रेट फार, तर घाण जुनी, किंवा शेतातल्या खताची. या रूपांतरात एक ग्रॅम अमोनिया-नत्रामागे सुमारे साडेचार ग्रॅम प्राणवायू खर्ची पडतो. तो जातो माशांच्या तोंडचा!

म्हणूनच एका बाटलीने भागत नाही. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात, शहराच्या वर आणि शहराच्या खाली, असे नमुने वर्षानुवर्षे घ्यावे लागतात. वैनगंगेची वंशावळ तर आणखी लांबलचक. नागपूरचे सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. मग गोसीखुर्दचे धरण ओलांडून ते पाणी गडचिरोली जिल्ह्यात येते. मार्कंड्याच्या घाटावर भरलेल्या बाटलीचे कूळ शोधायला नागपूरपर्यंत जावे लागते!

गृहिणी म्हणतील, "आम्ही पाणी उकळून पितो." उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट नाही, उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट ही मर्यादा आहे. १९४५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डॉ. हंटर कॉम्ली यांना तान्ही मुले निळी पडलेली आढळली. त्यांचे दूध नायट्रेटयुक्त विहिरीच्या पाण्यात कालविलेले होते. तेव्हा घरात तान्हे मूल असेल आणि पाणी विहिरीचे असेल, तर ते एकदा तपासून घ्यावे.

नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण घंगाळातल्या पाण्यात सात नद्यांना बोलावतो. त्यांत गोदावरी असतेच. झरपट इरईला मिळते, इरई वर्धेला. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, आणि ती सिरोंचापाशी गोदावरीला भेटते. गोदामाईला बोलवायचे, तर तिच्याबरोबर काय काय येते आहे, याची चौकशी यजमानाने करायला नको का?