सुई, सुरी आणि सिक्युरिटी

वेब चेक-इन झालं, विंडो सीट मिळाली, फ्लाइटमध्ये अर्धा मफलर उरकायचा प्लॅनही पक्का. आणि एक्स-रे मशीनपाशी जवान विचारतो, ‘मॅडम, बॅग में कैंची है?’ झालं! मागे लांबलचक रांग, पुढे बोर्डिंगची घाई. अशा वेळी कात्री मुकाट्याने तिथेच सोडावी लागते.

एवढ्याशा कात्रीचा कसला धोका, असं वाटतं ना? पण ११ सप्टेंबर २००१ पर्यंत अमेरिकेत चार इंचांपेक्षा लहान पात्याचा चाकू विमानात चालायचा. त्या दिवसानंतर तो बंद झाला. २०१३ मध्ये अगदी छोट्या चाकूंना पुन्हा परवानगी द्यायचं ठरत होतं. केबिन क्रूने कडाडून विरोध केला आणि ते बारगळलं.

खरा घोळ पुढेच आहे. अमेरिकेत विणायच्या सुया केबिनमध्ये चालतात. कात्रीही चालते, फक्त मधल्या स्क्रूपासून टोकापर्यंत चार इंचांपेक्षा, म्हणजे साधारण १० सेंटिमीटरपेक्षा लहान हवी. ब्रिटन आणि युरोपात पात्याची मर्यादा ६ सेंटिमीटर! म्हणजे एकीकडे चाललेली कात्री दुसरीकडे अडणार. त्यात शेवटचा शब्द तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा. आपल्याकडे बहुतेक मोठ्या एअरपोर्टवर हे काम सीआयएसएफचं. तिथे ‘मागच्या वेळी तर सोडलं होतं’ हा डायलॉग चालत नाही, बॉस!

म्हणून सोपा फंडा: धार किंवा टोक असेल ते सगळं चेक-इन बॅगेत. चाकू, पीलर, करंजीचं कातणं, एम्ब्रॉयडरीची कात्री, सगळं. विणकाम केबिनमध्ये हवंच असेल तर बांबूच्या किंवा प्लॅस्टिकच्या सुया घ्या. आणि निघण्यापूर्वी सुईवरच्या सगळ्या टाक्यांमधून वेगळ्या रंगाचा दोरा ओवून ठेवा. सुई गेली तरी टाके सुटणार नाहीत, महिन्याभराची मेहनत वाचेल.

परदेशी निघालेल्या मराठी बॅगेत हमखास असते ती फोल्डिंगची विळी. ती घडी करून, पात्यावर जाड पुठ्ठा आणि चिकटपट्टी लावून, वर टॉवेल गुंडाळून चेक-इनमध्येच टाका. तपासणीसाठी बॅग कुणीतरी उघडू शकतं, त्याचा हात कापायला नको. नवी कात्री कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते हो, पण आईने वीस वर्षं वापरून दिलेली विळी कुठे मिळणार?

आणि इतकं करूनही अडलातच, तर वाद घालू नका. एअरलाइनच्या काउंटरवर परत जाऊन बॅग चेक-इन करता येते का, विचारा. त्यासाठी हाताशी वेळ हवा, तेव्हा घरून अर्धा तास आधी निघा.

आज रात्री पॅकिंग करताना तो हॉबीचा पाऊच एकदा पलंगावर उलटा करून बघाच. तळाशी काय काय निघेल, सांगता येत नाही. हॅपी जर्नी!