सल्लागाराचा शब्द व सरकारी लेखणी

मंत्र्याजवळ त्याच्या विश्वासाचीं चार माणसें असूं नयेत, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु सल्ला देणें निराळें व हुकूम सोडणें निराळें. एखादा स्वीय सहायक किंवा विशेष कार्य अधिकारी लातूर-नांदेडकडील तहसीलदारास ‘साहेबांची इच्छा आहे’ एवढेंच तोंडी कळवूं लागला, म्हणजे जबाबदारी कोणावरच राहत नाहीं. किल्लारीस १९९३ सालीं भूकंप झाला. अशा प्रसंगीं घर गमावलेल्याचें नांव मदतीच्या यादींत ओळखीवरून नव्हे, नुकसानीवरून चढावें, यांतच राज्यसेवेची सारी किंमत आहे.

हें भय पोकळ नव्हे. फेब्रुवारी २०२५ मध्यें मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनीं मंत्र्यांनीं सुचविलेल्या सुमारें १२५ नांवांपैकीं १०९ मान्य केलीं. ज्यांच्याविषयीं दलालीचे किंवा चौकशीचे आक्षेप होते, तीं मान्य केलीं नाहींत.

पण माणसें पारखून भागत नाहीं, रीतहि हवी. लातूरचे विलासराव देशमुख मुख्यमंत्री असतां, २००६ सालीं अमलांत आलेल्या बदल्यांच्या कायद्यानें अधिकाऱ्यास सामान्यतः तीन वर्षांची मुदत दिली व मुदतीपूर्वीं बदली केल्यास कारण लिहून ठेवण्याचें बंधन घातलें. २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि सनदी नोकरांनीं केवळ तोंडी हुकुमावर चालूं नये, असें बजाविलें.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकीं कित्येक उद्यां कचेरींत बसतील. सल्ला आदरानें ऐका. हुकूम मात्र लेखी मागा. त्यापायीं बदलीचा त्रास सोसावा लागला तरी सोसा. ज्यास आपलें सांगणें कागदावर उतरविण्याचें भय वाटतें, त्याचें सांगणें पाळण्याजोगें नसतें.